टीव्ही घरी आला, पण दुकानातच राहिला

पत्र : दिवाळीत आम्ही ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. दुकानात चित्र बघून हरखून गेलो होतो, घरी मात्र कुणाचंच समाधान नाही. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा शेंदूर फासल्यासारखा, क्रिकेटचं मैदान पोपटी, आणि सिनेमा लावला की तो मालिकेसारखा दिसतो. का ते सांगता येत नाही, पण दिसतो. वेब सिरीजमधल्या रात्रीच्या प्रसंगांत तर नुसता अंधार. मुलगा 'मूव्ही मोड' लावतो, मग सगळे ओरडतात की चित्र पिवळं झालं. मी सेटिंग बदलते, पण थोड्या वेळाने ती आपोआप पहिल्यासारखी होतात आणि खाली टीव्हीचे गुण सांगणारी पट्टी सरकायला लागते. सासऱ्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ते म्हणतात, या डोळ्याने चित्र निळं दिसतं, त्या डोळ्याने पिवळं, तर खरं कुठलं? भिंतीवर टीव्ही बसवायला आलेला मुलगा म्हणाला, चार हजार द्या, कॅलिब्रेशन, म्हणजे रंग मापून जुळवून देतो. द्यावेत का?
— एक वाचक, मिरज

ताई,

चार हजार तूर्त कपाटातच राहू द्यात. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत: सेटिंग आपोआप मागे जातात आणि खाली पट्टी सरकते. तुमचा टीव्ही मिरजेत तुमच्या भिंतीवर लटकला असला तरी त्याची समजूत अशी आहे की आपण अजून दुकानातच आहोत.

नवा टीव्ही पहिल्यांदा चालू केला की भाषा, वाय-फाय असं एकेक विचारत जातो आणि मध्येच विचारतो, वापर घरी होणार की दुकानात? 'होम' एकीकडे, आणि दुसरीकडे 'स्टोअर', 'रिटेल' किंवा 'डेमो'. बसवायला आलेल्या माणसाला पुढच्या घरी पोचायची घाई असते, तो ओके-ओके करत जातो. दुकानाच्या मोडमधला टीव्ही थोड्या थोड्या वेळाने स्वतःची सेटिंग मुद्दाम पूर्ववत करतो, कारण दुकानात येणारं प्रत्येक पोरगं रिमोट दाबून जातं. तेव्हा आधी सेटिंगमध्ये 'जनरल' किंवा 'सिस्टम'मध्ये शिरा आणि 'यूसेज मोड' किंवा तशा नावाखाली 'होम' करा. सापडलं नाही तर सरळ फॅक्टरी रीसेट मारा आणि या वेळी प्रश्न वाचून उत्तरं द्या. वाय-फायचा आणि अ‍ॅपचे पासवर्ड आधी लिहून ठेवा, नाहीतर रात्री त्यावरून वेगळं भांडण. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. केलेलं सगळं पुसलं जाईल.

आता दुकानात चित्र एवढं भारी का दिसलं? साडी घेताना आपण दुकानातल्या दिव्यांवर भरवसा ठेवत नाही. पदर हातात धरून दारापर्यंत जातो आणि बाहेरच्या उजेडात रंग बघतो. टीव्ही काही दारापर्यंत नेता येत नाही. तीस-चाळीस टीव्ही एका भिंतीवर, डोक्यावर लखलखाट, आणि गिऱ्हाईक एकेकापुढे अर्धा मिनिट थांबणार. तिथे जो जास्त झगझगीत, जास्त निळसर आणि जास्त रंगीत, तोच नजरेत भरतो. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नावाचा मोड त्यासाठीच असतो. शेंदरी चेहरा आणि पोपटी मैदान ही त्याचीच देणगी.

म्हणून पहिला बदल, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम यातच उरकतं: पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर मोड' करा. फिल्ममेकर मोड हा यूएचडी अलायन्स नावाच्या उद्योगसंघाने २०१९ मध्ये आणलेला प्रकार आहे. टीव्हीने स्वतःची हुशारी बंद ठेवावी आणि चित्र जसं आलं तसं दाखवावं, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा मुलगा बरोबर होता. त्याला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

राहिली पिवळेपणाची तक्रार. टीव्ही दुरुस्तीच्या एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच असेल.

पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा, हे टीव्हीच्या जगात ठरलेलं आहे. त्याचं माप केल्विनमध्ये करतात आणि प्रमाण आहे सुमारे ६५०० केल्विन, म्हणजे साधारण दुपारच्या उजेडाचा पांढरा. आकडा वाढला की पांढऱ्यात निळं शिरतं, कमी झाला की पिवळं. स्टुडिओत चित्रपटाचे किंवा मालिकेचे रंग बसवणारा माणूस ६५०० वर लावलेल्या मॉनिटरसमोर बसून काम करतो. एचडी प्रसारणासाठी १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या रेक. ७०९ या मानकातही पांढरा हाच आहे. दुकानी मोडमध्ये मात्र पांढरा बऱ्याचदा नऊ हजारांच्या पुढे नेऊन ठेवलेला असतो. त्याला सरावलेल्या डोळ्यांपुढे खरा पांढरा आला की तो पिवळट वाटणारच. रिन घातलेल्या सदऱ्याशेजारी साधा धुतलेला सदरा ठेवला की तो मळका वाटतो ना, तसंच.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी करून बघा. तुमच्या हॉलमध्ये पांढरी एलईडी ट्यूब असेल. तिचं खोकं जपून ठेवलं असेल (आपल्याकडे खोकी टाकत नाहीत), तर त्यावर बहुधा 'कूल डेलाइट ६५०० के' असं छापलेलं असेल. म्हणजे तुमची ट्यूब आणि स्टुडिओचा मॉनिटर यांचा पांढरा निदान कागदोपत्री एकच. रात्री ती ट्यूब लावा, टीव्हीवर कोरा पांढरा पडदा आणा आणि शेजारी एक कोरा कागद धरा. आता 'कलर टेंपरेचर' बदलत जा: कूल, स्टँडर्ड, वॉर्म. कागदाशेजारी 'कूल' नीळ घातल्यासारखा दिसेल. कागदाशी सगळ्यात जवळचा निघतो तो बहुतेक 'वॉर्म'. सॅमसंगमध्ये त्याला 'वॉर्म २' म्हणतात, एलजीच्या नव्या टीव्हींत 'वॉर्म ५०', सोनीत 'एक्स्पर्ट १'. घरात पिवळे बल्ब असतील तर हा प्रयोग फसतो, कारण मग कागदच पिवळा दिसतो.

बदल केल्यावर आठ दिवस कुणालाही रिमोट देऊ नका. डोळ्यांना जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. आठ दिवसांनी पाच मिनिटांसाठी परत 'व्हिव्हिड' लावून दाखवा, ओरडणारेच 'हे काय लावलंयस' म्हणतील.

सासऱ्यांचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात आवडला. त्यांना दिसतं ते दोन्ही खरं आहे. वय वाढेल तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश कमी आत सोडतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात, आणि अचानक जग निळसर, उजळ दिसायला लागतं. एकाच डोळ्याचं झालं असेल तर आळीपाळीने डोळे मिटून दोन्ही रंग पडताळता येतात. अनेक जण ते करून चकित होतात.

पण मग टीव्ही कोणत्या डोळ्याप्रमाणे लावायचा? कोणत्याच नाही. सासरे ज्या डोळ्याने टीव्हीतला आंबा बघतात त्याच डोळ्याने ताटातला आंबाही बघतात. टीव्हीतला आंबा खऱ्यासारखाच लावलेला असला, की दोन्ही आंबे त्यांना सारखेच दिसणार, मग डोळा कुठलाही असो. डोळ्याची भरपाई टीव्हीत करायला गेलं की टीव्हीतला आंबा एक आणि ताटातला दुसरा, असं होऊन बसतं. प्रमाण ठरवून ठेवायचं ते याचसाठी.

मी या धंद्यात आलो ते पिक्चर ट्यूबच्या दिवसांत. टीव्हीसमोर स्टुलावर आरसा ठेवायचा, आपण मागे बसायचं आणि आरशात बघत आतले पेच फिरवायचे. तेव्हा उस्तादांनी पहिली शिकवण दिली ती ही की रंग लावायचा असेल तर आधी रंग काढून टाक. रंगाचं बटण शून्यावर न्यायचं, चित्र काळं-पांढरं करायचं आणि त्यात कुठे निळी, गुलाबी, हिरवट झाक उरली आहे का ते बघायचं. करडा खरोखर करडा झाला की मगच रंग परत आणायचा. हे आजच्या टीव्हीवरही चालतं. 'कलर' शून्यावर नेऊन बघा, 'कूल' आणि 'वॉर्म'मधला फरक लख्ख कळेल. बघून झालं की 'कलर' मूळ जागी, साधारण मध्यावर. 'टिंट' (रंगांची झाक हिरव्या-लालकडे सरकवणारं बटण) मध्यावरून हलवूच नका. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या प्रसारणाला तर ते बटण लागतच नसे, रंगातली चूक पद्धतच आपोआप भरून काढायची. तो अमेरिकेच्या एनटीएससी प्रसारण पद्धतीचा जुना आजार.

सिनेमा मालिकेसारखा दिसतो, ही तुमची नजर पक्की आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मालिका आणि क्रिकेट आपण वर्षानुवर्षं सेकंदाला ५० टप्प्यांच्या प्रसारणात पाहत आलो, म्हणून गुळगुळीत हालचाल दिसली की डोक्यात 'मालिका' अशी घंटा वाजते. नवा टीव्ही सिनेमाच्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतः कल्पनेने आणखी चित्रं घालतो आणि ती घंटा वाजवतो. लढाईच्या प्रसंगात हाता-पायांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात त्याही यानेच. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, बाबांनो हे बंद करा. सॅमसंगमध्ये ते 'पिक्चर क्लॅरिटी'त सापडेल (जुन्यात 'ऑटो मोशन प्लस'), एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. सिनेमासाठी पूर्ण बंद. क्रिकेटला कुणी हट्ट धरला तर अगदी थोडं ठेवा. मला तिथेही नको वाटतं, पण यावर घर फोडण्यात अर्थ नाही.

त्याच मेनूत आणखी बरीच भूतं बसलेली असतात: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, कलर एन्हान्सर, नॉइज रिडक्शन आणि 'एआय' लावलेलं जे काही असेल ते. सगळी बंद करा. वीज वाचवणारा 'इको' आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर सेटिंग करताना तरी बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एक लावाल आणि तो दुसरंच करील.

हाताने लावायची बटणं मग मोजकीच उरतात, पण त्यांच्या नावांचा कंपन्यांनी घोळ घालून ठेवलाय. 'ब्राइटनेस' म्हणजे उजेड असं कुणालाही वाटेल. पिढ्यान् पिढ्या मात्र त्या बटणाने फक्त काळ्याची पातळी ठरायची, म्हणजे काळं किती काळं. उजेड ठरतो तो 'बॅकलाइट'ने. सोनीने आणि इतर काहींनी नव्या टीव्हींत बॅकलाइटलाच 'ब्राइटनेस' नाव दिलं आणि जुन्या ब्राइटनेसला 'ब्लॅक लेव्हल' वगैरे. तेव्हा नाव बघू नका, परिणाम बघा. बटण कमी केल्यावर सगळा पडदाच मंद झाला तर ते बॅकलाइट. काळे केस, काळी बंडी यांतले तपशील बुडायला लागले तर ते काळ्याचं बटण.

बॅकलाइट खोलीप्रमाणे ठेवा: दुपारी खिडकी उघडी असेल तर वर, रात्री बराच खाली. रात्री पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरत असतील तर अजून खाली. यात बरोबर-चूक काही नाही. काळ्याच्या बटणाला मात्र बरोबर जागा असते. रुंद पडद्याचा सिनेमा रात्री दिवे मंद करून लावा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतील. बटण वाढवत न्या, पट्ट्या करड्या व्हायला लागल्या की थांबा आणि त्या पुन्हा काळ्या होतील इतकंच मागे या. सिनेमा मोडमध्ये कारखान्यातली जागा बहुधा आधीच योग्य असते, त्यामुळे एक-दोन अंकांपलीकडे जावं लागत असेल तर दुसरीकडे कुठेतरी चूक आहे असं समजा.

'शार्पनेस'ने चित्र स्पष्ट होत नाही, कडांना पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. खालच्या बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं बघा. त्यांच्याभोवती झालर दिसत असेल तर झालर जाईपर्यंत कमी करा. सॅमसंगमध्ये हे शून्याजवळ येतं, सोनीत ५० हीच मूळ जागा, तिथून खाली नेलं की चित्र उलट धूसर होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात ते आधीच सांगतो. मराठी वाहिन्या एवढ्या फाटक्या का दिसतात? तुमच्या पॅकमध्ये साध्या, एसडी वाहिन्या असतील तर त्यांचं चित्र फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. तुमच्या पडद्यावर ठिपके ३८४० बाय २१६०. गुणाकार करून बघा, बरोब्बर २० पट. एका ठिपक्याच्या जागी वीस भरायचे, ते टीव्ही अंदाजानेच भरणार. याला सेटिंगमध्ये उपाय नाही. एचडी पॅक घ्या किंवा खुर्ची मागे घ्या. सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरने जोडलेला असेल तर मात्र ती आजच काढा, एचडीएमआय लावा आणि बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत १०८०आय आणि १६:९ निवडा. जुन्या चौकोनी सिनेमात माणसं बुटकी-जाडी दिसत असतील तर चित्र ताणलं जातंय. बाजूच्या काळ्या पट्ट्या चांगल्या, त्यांच्याशी मैत्री करा. बातम्यांची पट्टी कडेला कापली जात असेल तर एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन'.

वेब सिरीजमधला अंधार हा वेगळा रोग आहे. ती बहुधा एचडीआरमध्ये येते, म्हणजे अंधार आणि उजेड यांतला फरक जास्त दाखवणाऱ्या प्रकारात, आणि एचडीआरचं चित्र बऱ्याचदा १००० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेडाचा पडदा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं असतं. मध्यम किमतीच्या अनेक टीव्हींची झेप तीनशे-चारशेपर्यंतच. मग ढणढणती मशाल बसवायच्या नादात टीव्ही बाकीचा सगळा प्रसंग खाली दाबतो. एचडीआर चालू असताना बॅकलाइट पूर्ण वरच ठेवा, तिथे रात्रीचा नियम लावू नका. चित्रातला उजेड पडद्याच्या ताकदीत बसवणारं 'डायनॅमिक टोन मॅपिंग' असेल तर चालू करा, डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) असेल तर त्यातला 'ब्राइट' निवडा. टीव्हीची हुशारी बंद करा असं एवढा वेळ सांगून आता हे सांगतोय, कारण इथे टीव्हीची ताकदच कमी पडते. आणि पडदे ओढा! दुपारी तीन वाजता समोर खिडकी उघडी ठेवून रात्रीचे प्रसंग कुठल्याच टीव्हीवर दिसत नाहीत.

एचडीआर सुरू झालं की सेटिंगचा संच बदलतो, एचडीएमआयचा वेगळा, अ‍ॅपचा वेगळा. म्हणून 'काल लावलं होतं, आज गेलं' असं वाटतं. 'अप्लाय टू ऑल इनपुट्स' दिसलं तर ते दाबा, नसेल तर प्रत्येक ठिकाणी परत लावा. इंटरनेटवर तुमच्याच मॉडेलची कुणी टाकलेली सेटिंग सापडतील. त्यातला मोड आणि काय काय बंद केलंय ते खुशाल उचला, पण व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढऱ्यातला लाल-हिरवा-निळा जुळवणारे, बारीक आकडे उचलू नका. ते त्याच्या पॅनलचे, एका मॉडेलचे दोन पॅनलसुद्धा सारखे निघत नाहीत.

आता ते चार हजार. कॅलिब्रेशन हा खरा, शिकून करायचा उद्योग आहे. अमेरिकेत जोएल सिल्व्हर यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या इमेजिंग सायन्स फाउंडेशनने त्याचं प्रशिक्षण रूढ केलं. त्यात पडद्यासमोर रंगमापक धरतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेका करड्या पायरीतला लाल-हिरवा-निळा मोजून जुळवतात, आणि काही तास लागतात. अंधाऱ्या खोलीत महागडा ओलेड टीव्ही (ज्याचा ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो) किंवा प्रोजेक्टर असेल तर पैसे वसूल होतात. तुमच्या टीव्हीला गरज नाही. तरी त्या मुलाला एवढं विचारा, कोणता मीटर आणणार आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून देणार का? त्याच्या हातात फक्त रिमोट असेल तर रिमोट तुमच्याकडेही आहे.

सगळं लावून झालं की मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट कधी कधी सगळं पुसून जातं.

एक बटण मुद्दाम मागे ठेवलंय, 'कॉन्ट्रास्ट'. ते लावायला कसोटी सामन्यासारखं साधन नाही. भर उन्हात पांढरे कपडे घातलेले तेरा खेळाडू. कॉन्ट्रास्ट जास्त झाला की सदऱ्याच्या चुण्या नाहीशा होतात आणि माणूस पांढऱ्या कागदाचा कापल्यासारखा दिसतो. चुण्या दिसेपर्यंत कमी करायचा. हे काम सासऱ्यांवर सोपवा आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यानेच बघायला सांगा. घरातलं सगळ्यात स्वच्छ भिंग सध्या तेच आहे.